निकोलस बिडलची सनद

फिलाडेल्फियाच्या एका सधन घराण्यात १७८६ साली जन्मलेला निकोलस बिडल हा मुळात पेढीवर वाढलेला मनुष्यच नव्हे. पंधराव्या वर्षी प्रिन्स्टनची पदवी घेऊन, पॅरिसच्या अमेरिकन वकिलातीत चिटणिशी करून आणि १८०६ साली ग्रीसमधील भग्न देवालये डोळे भरून पाहून तो स्वदेशी परतला, तो वाङ्मयाचा व्यासंग घेऊन. लुईस आणि क्लार्क यांच्या पश्चिमेकडील प्रवासाच्या रोजनिशांना ग्रंथरूप देण्याच्या किचकट कामातही मोठा वाटा त्याचाच. परंतु १८१० साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळावर निवडून गेल्यानंतर, राष्ट्रीय बँकेच्या सनदेची मुदत वाढवू नये असा ठराव तेथे आला असता, जेमतेम पंचविशीतल्या या सभासदाने बँकेच्या बाजूने जे भाषण केले, त्यातच त्याच्या पुढील आयुष्याची दिशा ठरून गेली, असे मला वाटते.

ती बँक बंद पडली. १८१६ साली साडेतीन कोटी डॉलर भांडवलाची दुसरी निघाली, आणि १८२३ साली तिची सूत्रे बिडलच्या हाती आली. सनदेप्रमाणे प्रत्येक नोटेवर बँकेच्या अध्यक्षाची आणि खजिनदाराची सही हवी असे; दूरदूरच्या शाखांना पुरतील एवढ्या नोटांवर दोघांनीच सह्या करीत बसणे अशक्य, आणि काँग्रेस तर अट शिथिल करीना. तेव्हा १८२७ साली त्याने शाखाधिकाऱ्यांना मुख्य कचेरीवर पाच-दहा डॉलरच्या छापील हुंड्या काढण्याची मुभा दिली, आणि दिसायला नोटांसारख्या असलेल्या या हुंड्या हातोहात नोटांप्रमाणेच चालू लागल्या. अडचणीतून वाट काढण्याचे हे चातुर्य असामान्यच खरे. मात्र सनदेला बगल देण्याची सवयही येथूनच जडली असावी.

हिशेबात इतका सावध असलेला हा पुरुष लोकमताच्या बाबतीत मात्र अगदीच भाबडा होता. १८३२ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने नव्या सनदेचे विधेयक फेटाळले, तेव्हा ती नकारपत्रिका वाचून जनता जॅक्सनवरच उलटेल अशा समजुतीने बिडलने तिच्याच हजारो प्रती वाटविल्या, आणि जॅक्सन मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आला! पुढील वर्षी सरकारी ठेवी काढून घेण्यास प्रारंभ होताच बिडलने कर्जे आवळली. सामान्य व्यापारी मेटाकुटीस आले. बँकेच्या हाती घातक सत्ता आहे हा जॅक्सनचा आरोप तोवर भाषणांपुरता होता, बिडलने तो प्रत्येक दुकानदाराच्या अनुभवास आणून दिला.

१८३६ साली त्याने आपल्या जुन्या विधिमंडळाकडूनच राज्याची सनद मिळविली, तीही करमाफी, रेल्वे आणि कालवे यांच्या विधेयकाच्या पोटात दडवून. पुढे कापसाच्या सट्ट्यात हात पोळले, १८३९ मध्ये त्याने पद सोडले, १८४१ मध्ये बँक बुडाली. फसवणुकीच्या कटाच्या आरोपातून सुटलेला बिडल १८४४ साली वारला. चेस्टनट रस्त्यावरील बँकेची ग्रीक खांबांची इमारत मग संघराज्य सरकारनेच घेतली आणि तेथे आपली जकात कचेरी थाटली.