बॅटरी कायद्यात होती, नियमात नव्हती

आमच्या आर्णीत ‘हायब्रिड’ हा शब्द गाडीच्या कितीतरी आधी वावरातून आला. जुनी माणसं आजही हायब्रिड म्हटलं की ज्वारीच समजतात. मग कापूस आला. सुरतेच्या संशोधन केंद्रातून १९७० साली बाहेर पडलेलं एच-४ हे कापसाचं जगातलं पहिलं व्यावसायिक संकरित वाण. त्याने उत्पन्न वाढवलं, पण घरचं बियाणं राखायची सोय नेली. संकरित पिकाचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दर मृगाला कृषी केंद्राची पायरी चढणं आलं. वस्तू सुधारते आणि तिच्यावरचा मालकाचा हात सुटतो. गाड्यांच्या बाबतीतही हेच झालं का, हा माझा प्रश्न आहे.

हायब्रिड गाडीचं तत्त्व आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाठीवरचा ‘टू इन वन’ फवारणी पंप सगळ्यांनी पाहिलेला आहे. बॅटरी असेल तोवर मोटर दाब देते, ती संपली की डाव्या हाताने दांडा मारायचा. गाडीत दांड्याच्या जागी पेट्रोलचं इंजिन असतं, आणि ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत परत भरली जाते, एवढाच मोठा फरक. पंपाची बॅटरी बसली तर पोरं दुसरी आणून बसवतात. काही जण क्षमताही वाढवतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

टोयोटाची प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७मध्ये विक्रीला आली. भारतात होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली २००८मध्ये, साडेएकवीस लाखांना. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याच वर्षी किंमत आठ लाखांनी उतरवावी लागली. उतरवूनही ती नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या माणसांसाठी नव्हतीच.

मालकांनी हायब्रिड सुधारण्याचा इतिहास सुरू होतो तो अमेरिकेत. जपानी प्रियसमध्ये नुसत्या विजेवर थोडं अंतर जायचं एक बटण होतं. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत ते दिलेलं नव्हतं. मालकांनी तारांचा माग काढून ते बटण स्वतः बसवलं. मग २००४मध्ये कॅलिफोर्नियात फेलिक्स क्रेमर यांच्या कॅलकार्स गटातल्या रॉन ग्रेम्बन यांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एका प्रियसमध्ये लेड-अॅसिड बॅटऱ्यांची भर घातली आणि ती भिंतीवरच्या प्लगवर चार्ज होईल असं केलं. कंपनीने प्लगवाली प्रियस बाजारात आणायला २०१२ उजाडलं. दरम्यान जुन्या प्रियसचे मालक आणखी एक गोष्ट शिकले होते. दुसऱ्या पिढीच्या गाडीत २८ मॉड्यूल्सची मिळून सुमारे २०१ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यातली एक-दोन मॉड्यूल्स गेली, तर तेवढीच बदलून गाडी पुन्हा चालते. अख्खी बॅटरी बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ. (२०१ व्होल्ट माणूस मारायला पुरेसे आहेत, हेही तिथेच सांगायला हवं. नारिंगी तारा उगाच नारिंगी नसतात.)

आता पुण्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथली आहे. २०१०मध्ये रवी पंडित यांच्या केपीआयटी कमिन्सने भारत फोर्जच्या साथीने ‘रेव्होलो’ जाहीर केलं. ही गाडी नव्हती, संच होता. तुमच्याकडे आहे त्याच पेट्रोल गाडीला इंजिनच्या पट्ट्यावर एक मोटर जोडायची, डिकीत बॅटऱ्या ठेवायच्या, वर नियंत्रण करणारा संगणक. रात्री घरी चार्ज करायची. इंधनकार्यक्षमता चाळीस टक्क्यांहून जास्त सुधारेल असा दावा होता. किंमत ६५ हजार ते दीड लाख सांगितली होती. मला या कल्पनेचं अजूनही अप्रूप वाटतं. नवी हायब्रिड घेण्याची ऐपत नसलेल्याला जुन्या गाडीतून हायब्रिड करून देणं म्हणजे घरच्याच बियाण्याला जोर आणण्यासारखं.

तो संच सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलाच नाही. कारणं एकाहून जास्त असतील, पण एक कारण कागदावर स्पष्ट दिसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे गाडीतल्या बदलांचं कलम. २००० सालच्या दुरुस्तीने त्याला नवं रूप आलं. मालकाने उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करायची नाही, असं ते म्हणतं. पण त्याच कलमात अपवाद आहे: वेगळ्या इंधनावर किंवा ऊर्जेवर चालवण्यासाठी संच बसवता येईल. त्या यादीत सीएनजी आहे, एलपीजी आहे, सौरऊर्जा आहे आणि बॅटरीही आहे. अट एवढीच की सरकार ठरवील त्या शर्तींवर. गॅसच्या शर्ती ठरल्या, म्हणून गॅसचे किट गावोगावी बसले. हायब्रिड संचाच्या शर्ती यायला मात्र जून २०१६ उजाडला. रेव्होलो जाहीर होऊन सहा वर्षं झाली होती.

त्या मधल्या काळात दिल्लीने आकडे मात्र भरपूर जाहीर केले. जानेवारी २०१३च्या राष्ट्रीय योजनेत २०२०पर्यंत ६० ते ७० लाख हायब्रिड आणि विजेच्या गाड्या रस्त्यावर आणायचं ठरलं. एप्रिल २०१५मध्ये फेम योजनेचं अनुदान सुरू झालं. त्याचा फायदा मारुतीच्या डिझेल सियाझला झाला. ही ‘माइल्ड’ हायब्रिड, म्हणजे मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकटी गाडी ओढत नाही. अनुदान १३ हजार. एप्रिल २०१७पासून अशा गाड्यांचं अनुदान काढलं, आणि जुलैत जीएसटी आला तेव्हा हायब्रिडवर अधिभारासह ४३ टक्के कर बसला.

आर्णीत मी पहिली हायब्रिड पाहिली ती हीच, ओळखीच्या एका काकांची, एमएच-२९ची. तिची बॅटरी बसली तेव्हा दुकानदाराने साधी, स्वस्तातली दाखवली. “काही फरक नाही पडत भाऊ, गाडी सुरू होते ना?” गाडी सुरू झालीही असती. पण सिग्नलला इंजिन बंद-चालू करणं आणि ब्रेकची ऊर्जा साठवणं हे सगळं त्या जास्त क्षमतेच्या बॅटरीच्या भरवशावर होतं. मी फोनला जोडायचं छोटं यंत्र लावून आकडे दाखवले, तेव्हा काकांनी यवतमाळहून योग्य ती मागवली. आमच्याकडे हायब्रिडचं ‘अपग्रेड’ एवढंच: बरोबर बॅटरी, चांगले टायर, आणि गाडी आतून काय म्हणते ते वाचता येणं.

याच्या पुढे जायचं म्हटलं की ९ जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवा येतो. के. जयचंद्र प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवत न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून हटणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लागू शकते. अपवाद उरतो तो मंजूर संचाचा, तोही अधिकृत ठिकाणी बसवलेला.

सुरक्षेचा मुद्दा मला मान्य आहे. सुट्या तारा आणि लिथियम बॅटरी यांचा खेळ कुणी करू नये. पण सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून मला दिसतं की आता कुलूप लोखंडाला नाही, प्रोग्रामला आहे. बॅटरी किती टक्क्यांवर थांबवायची, मोटर कधी लावायची, हे कंपनी ठरवते, आणि तपासणीची साधनं तिच्याच केंद्रात असतात. प्रियसच्या बटणाचा माग तारेतून तरी काढता आला. मंजूर संच मागवायचा तर आज आर्णीहून कुठे जायचं, हे मी आमच्या दोन मेकॅनिकांना विचारलं. दोघांनीही गॅस किटवाल्याचा पत्ता दिला.