वेलिमिर झिवोयिनोविच : युगोस्लाव्ह चित्रपटातील नायकप्रतिमा

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात जर्मन आक्रमकांविरुद्धच्या छापामार लढ्यावर आधारित चित्रपटांचा स्वतंत्र प्रवाह निर्माण झाला. या 'पार्टिझान' चित्रपटांचा सर्वपरिचित चेहरा म्हणजे सर्बियन अभिनेते वेलिमिर ऊर्फ 'बाटा' झिवोयिनोविच (1933-2016) होत. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

चित्रपट कारकीर्द :
म्लादेनोवाच शहराजवळील कोराचित्सा या गावी जन्मलेल्या झिवोयिनोविच यांनी 1955 मध्ये चित्रपटसृष्टीत प्रवेश केला व पुढे तीनशेहून अधिक चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांत भूमिका केल्या. अलेक्सांदर पेत्रोविच यांच्या 'त्री' (तीन) या चित्रपटात त्यांनी साकारलेला नायक प्रथम मृत्यूचा साक्षीदार, नंतर पाठलागाचा बळी आणि अखेरीस विजयी पक्षाचा अधिकारी म्हणून येतो. युद्धाचा गौरव करण्याऐवजी त्याचे नैतिक ओझे दाखविणारी ही भूमिका त्यांच्या अभिनयसामर्थ्याची साक्ष देते.

1972 मध्ये हायरुदिन क्रवावात्स दिग्दर्शित 'वाल्टर ब्रानी सारायेवो' प्रदर्शित झाला. 1945 मध्ये धारातीर्थी पडलेले व्लादिमिर पेरिच यांचे 'वाल्टर' हे टोपणनाव या चित्रपटामुळे अजरामर झाले. संपूर्ण शहर म्हणजेच वाल्टर, हा त्याचा आशय होय. चीनमध्येही त्यास अफाट लोकप्रियता लाभली.

प्रतिमा आणि राजकारण :
1990 च्या दशकात युगोस्लाव्हियाचे विघटन झाले. झिवोयिनोविच हे स्लोबोदान मिलोशेविच यांच्या सोशलिस्ट पक्षाचे संसद सदस्य झाले. ज्या सारायेवोचा रक्षक म्हणून ते पडद्यावर गाजले, त्याच शहराला 1992 ते 1996 या काळात बोस्नियन सर्ब सैन्याचा वेढा पडला होता. दिग्दर्शक क्रवावात्स यांचे 1992 मध्ये वेढ्यातील सारायेवोतच निधन झाले. 1996 च्या 'लेपा सेला लेपो गोरे' या चित्रपटात झिवोयिनोविच यांनी बोगद्यात अडकलेल्या जुन्या लष्करी अधिकाऱ्याची भूमिका केली. पार्टिझान नायकाचीच ती उत्तरावस्था म्हणता येईल. 2002 च्या सर्बियन अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांचा पराभव झाला.

समारोप :
नटाची लोकप्रतिमा आणि त्याची राजकीय निष्ठा यांत अंतर असू शकते, हे या कारकिर्दीवरून स्पष्ट होते. वाल्टर ही व्यक्तिरेखा सर्वधर्मीय नागरिकांच्या सारायेवोची होती. त्यामुळे नटाच्या राजकारणानंतरही शहराने ती नाकारली नाही. 2019 मध्ये तेथे या चित्रपटाला वाहिलेले संग्रहालय उघडण्यात आले, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची ठरते.