कृष्णामाईची वाटणी

घरात वाटणी निघाली की आधी मोजणी होते, मग पंच बसतात आणि पंच उठून गेल्यावर खऱ्या भांडणास तोंड फुटते. कृष्णेच्या पाण्याचेही तसेच झाले. फरक इतकाच, की येथे वाटणी मागणारे भाऊच मधून मधून बदलत गेले.

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. वाईच्या घाटावर तिचा उत्सव होतो. परंतु तिच्या पाण्यावर पहिला मोठा हक्क बसला तो दूर दुसऱ्या टोकाला. १८५५ साली कंपनी सरकारने विजयवाड्यास बंधारा पुरा केला आणि मुखाकडची भातशेती पिकू लागली. इकडे माण-खटाव मात्र आभाळाकडेच डोळे लावून राहिले. पुढचा सारा तंटा याच गोष्टीभोवती फिरला आहे : ज्याने आधी वापरले त्याचा हक्क मोठा, की ज्याची तहान अजून भागली नाही त्याचा?

१९५१ साली दिल्लीस बैठक भरून पाणी वाटले गेले. म्हैसूरने त्यास मान्यता दिली नाही. त्या कागदाची शाई वाळते न वाळते तोच १९५३ व १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. हैदराबाद संस्थानाचे राज्य नकाशावरून गेले, १९६० साली महाराष्ट्र जन्मास आला. अखेर १९६९ साली न्यायमूर्ती बचावत यांचा लवाद नेमण्यात आला.

लवादाने, चार वर्षांपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असे २,०६० अब्ज घनफूट पाणी धरले. यालाच आपले शेतकरी टीएमसी म्हणतात. १९७३ च्या निवाड्यात महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० टीएमसी मिळाले. खोऱ्याचा जेमतेम २९ टक्के भाग आंध्रात. तरी वाटा सर्वांत मोठा, कारण पूर्वीपासून चालू असलेल्या वापरास लवादाने संरक्षण दिले.

२००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा दुसरा लवाद आला. २०१० साली त्याने निर्णय दिला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो राजपत्रात प्रसिद्ध करण्यास स्थगिती दिली. आणि २०१४ साली तेलंगण हा चौथा भाऊ दारात उभा राहिला.

वाचकहो, या सर्व हिशेबात दोन गोष्टी मनाला लागतात. टंचाईच्या पाण्यासाठी सारे भांडतात, पण २००५ आणि २०१९ साली सांगलीच्या घराघरांत शिरलेले पाणी आपल्या वाट्याचे आहे, असे कोणी म्हटले नाही. तेव्हा चर्चा झाली ती अलमट्टीची दारे कोणी, केव्हा उघडावीत याचीच. म्हणजे नदी वाटता येते, पण तिचा पूर एकत्र बसूनच सांभाळावा लागतो.

दुसरी गोष्ट आईची. भाऊ विभक्त झाले तरी आपल्याकडे आईच्या पोटगीची सोय वाटणीपत्रात करतात. पहिल्या लवादाच्या वाटपात नदीने नुसते वाहावे म्हणून वेगळा वाटा नव्हता. दुसऱ्याने ती जाणीव दाखवली आणि तिच्या नावे १६ टीएमसी ठेवले. दोन हजारांहून अधिकांच्या इस्टेटीत आईला सोळा! तेवढे तरी तिच्या पदरात पडते की नाही, हे पाहणे कोणत्याही एका राज्याचे काम नाही. ते तिला माई म्हणणाऱ्या सर्वांचे आहे.