नॉर्फोकच्या तळ्यांवरील बारा महिने

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला नॉर्फोक नांवाचा परगणा आहे. डोंगर म्हणावा असा तेथें एकही नाहीं. सपाट जमीन, तिच्यांतून रेंगाळत जाणाऱ्या ब्यूर, अँट, थर्न या नद्या आणि त्यांच्या कांठीं पसरलेलीं उथळ तळीं. या तळ्यांना तिकडे 'ब्रॉड्स' म्हणतात. चित्रकाराला भुरळ पडावी असें तेथें प्रथमदर्शनीं कांहीं दिसत नाहीं. तरीही छायाचित्रणाच्या इतिहासांतला एक कडाक्याचा वाद याच चिखलांत रुजला.

पीटर हेन्री एमर्सन हा त्या वादाचा नायक. १८५६ सालीं क्यूबांत त्याचा जन्म झाला. बाप अमेरिकन, आई इंग्रज. केंब्रिजला वैद्यकाची पदवी त्यानें घेतली खरी, पण रोग्यांपेक्षां कॅमेऱ्यांत त्याचें मन अधिक रमलें. त्या काळीं इंग्लंडांत हेन्री पीच रॉबिन्सन याचा दबदबा होता. चित्राचे भाग निरनिराळ्या काचांवर घ्यावयाचे आणि छापतांना ते जुळवावयाचे, ही रॉबिन्सनची रीत. मरणोन्मुख मुलीचें त्याचें १८५८ मधील प्रसिद्ध चित्र अशा पांच काचा जुळवून सिद्ध झालें होतें. चांगल्या घरच्या मुलींना खेडवळ वेष देऊन कॅमेऱ्यापुढें उभें करण्यासही त्याची हरकत नसे. एमर्सनला हीं सारीं सोंगें वाटत. गांवकरी जेथें राबतो तेथें जाऊन त्याचें चित्र घ्यावें, आणि डोळ्याला दिसतें तसेंच तें असावें, हा त्याचा आग्रह. डोळा एका वेळीं एकच वस्तु स्पष्ट पाहतो, भोंवतालचें किंचित् अंधुक राहतें. मग कॅमेऱ्यानें पानन् पान कोरून दाखविण्याचा अट्टाहास कां करावा?

थॉमस गुडॉल या चित्रकाराच्या साहाय्यानें एमर्सननें १८८६ सालीं नॉर्फोकच्या जीवनावर ४० प्लॅटिनम छापांचें पुस्तक काढलें. प्लॅटिनमचा छाप कागदाच्या तंतूंतच मुरतो. त्याला चकाकी नसते आणि राखी छटा पुष्कळ मिळतात. धुकट हवेच्या त्या प्रांताला याहून अनुरूप साधन मिळणें कठीण होतें. होडींतून कुमुदें वेंचणारें जोडपें, दलदलींतलें गवत काठ्यांवर तोलून नेणारे मजूर, कामावरून घरीं परतणारीं माणसें अशीं तीं चित्रें आहेत. एकांत पुढें मोडकळीस आलेली पवनचक्की आणि दूर वाफेच्या पंपाचें ठिकाण दिसतें. जमिनींतलें पाणी उपसण्याचें काम वाऱ्याच्या हातून वाफेच्या हातीं चाललें होतें, तो क्षण काचेवर असा उमटला.

या प्रांताचें पंचांग ऋतूंवर चाले. घरें शाकारण्याचें उंच पाणगवत हिवाळ्यांत, पानें झडून दांडे वाळल्यावर कापीत. चाऱ्याचें गवत उन्हाळ्यांत. चार दिवस येऊन जाणाऱ्या पाहुण्याला यांतलें अर्धेंही दिसावयाचें नाहीं. म्हणून १८९० च्या सप्टेंबरांत एमर्सननें तेथल्या धर्तीच्या एका शिडाच्या गलबतावरच बिऱ्हाड थाटलें आणि वर्षभर तो त्या पाण्यावर हिंडला. तो हिवाळा विलक्षण कडक निघाला; नद्यातळीं गोठून गेलीं.

याच हिवाळ्यांत त्यानें आपलें मतही बदललें. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघां संशोधकांनीं १८९० सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. काच धुतांना छायाप्रकाशाचें प्रमाण कलावंताला आपल्या इच्छेप्रमाणें फिरवतां येत नाहीं, असें त्यांवरून दिसत होतें. एमर्सनच्या मताचा पायाच त्यामुळें खचला. १८८९ सालीं आपला पक्ष मांडण्यास त्यानें ग्रंथ लिहिला होता; आतां त्याच पक्षाची मृत्युवार्ता काळ्या चौकटींत छापून त्यानें पुस्तिका वाटली. छायाचित्रण ही ललितकला नव्हे, असें त्यानें जाहीर केलें. वाद घालतांना तो पुष्कळदां उद्धट होई, पण आपली चूक इतक्या उघडपणें कबूल करणारे पंडित थोडेच.

ज्या निसर्गाच्या सत्याबद्दल त्याचा एवढा हट्ट होता, तीं तळीं मुळांत निसर्गानें केलेलींच नव्हत. १९५० नंतरच्या दशकांत जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनीं तळाशीं छिद्रें पाडून माती तपासली. तळ्यांच्या मूळच्या कडा सरळ उभ्या आणि तळ सपाट निघाले. मध्ययुगांत जळणासाठीं लोकांनीं पीट नांवाची माती खणून नेली; पुढें पाण्याची पातळी चढली आणि ते खड्डे भरून गेले. एमर्सनच्या हयातींत हें कोणालाच ठाऊक नव्हतें.

कला नव्हे म्हटल्यावर कॅमेरा खालीं ठेवणें तर्काला धरून झालें असतें. त्यानें तसें केलें नाहीं. गलबतावरच्या वर्षाचें पुस्तक १८९३ सालीं निघालें आणि १८९५ सालीं त्याचें अखेरचें चित्रपुस्तक. त्यांत अवघीं १६ चित्रें आहेत. ठसेही त्यानें स्वतःच कोरले. हिम, दंव, धुकें, एखादी रेघ पाणगवताची, आणि बाकी कागद जवळजवळ कोरा. पूर्वीचे राबणारे गांवकरी येथें फारसे दिसत नाहींत. त्याच्या साऱ्या कामांत हींच चित्रें आज अनेक जाणत्यांना सर्वांत सरस वाटतात.

पुढें तो १९३६ पर्यंत जगला. छायाचित्रांचें नवें पुस्तक मात्र त्यानें काढलें नाहीं.