शिखरावरील हॅम रेडिओ (हिवाळी)

पाठीवर मावणारा रेडिओ संच डोंगरमाथ्यावर नेऊन बॅटरीवर संपर्क साधण्याचा हौशी रेडिओचा प्रकार. ‘समिट्स ऑन द एअर’ हा त्याचा जागतिक उपक्रम २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्यात गुण मिळण्यासाठी माथ्यावरून किमान चार संपर्क व्हावे लागतात. वाहनातून केलेले प्रक्षेपण धरत नाहीत.

उदाहरणार्थ, छत्तीसगडमधले रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर, मैदानात वसले आहे. तेथील हॅमला (हौशी रेडिओचालकाला) खरी उंची हवी तर उत्तरेचे मैनपाट (सु. १,००० मी.) किंवा गौरलाटा (१,२२५ मी.) गाठावे लागते. तुलनेसाठी, महाराष्ट्रातले कळसूबाई १,६४६ मीटर आहे.

दोन मीटर पट्ट्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाटीपेक्षा ४०० मीटर उंचीवरून त्यांचे क्षितिज सुमारे ८० किलोमीटर भरते. म्हणजे त्याहून कितीतरी दूर असलेले रायपूर मैनपाटहून या पट्ट्यावर एरवी मिळत नाही. तिथे ४० मीटरचा पट्टाच कामाचा. सुमारे २० मीटर लांबीची तार मध्यभागी काठीला उंच बांधायची आणि टोके दोरीने खाली ताणायची, की लहरी जवळजवळ उभ्या वर जाऊन आयनांबरावरून परततात.

हिवाळा या छंदाला मानवतो. विजांची खरखर कमी असते. पहाटेच्या तापमान-व्युत्क्रमणात दोन मीटरचा पल्लाही कधी अचानक वाढतो. मात्र मैनपाटला पारा शून्याजवळ उतरतो, तेव्हा बॅटरी लवकर बसते. ती कपड्यांच्या आत उबेत ठेवावी. गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये.

भारतात हौशी रेडिओच्या परवान्यासाठी वय किमान १२ वर्षे लागते.