पत्र्याचे ज्ञान कोणाचे?



पत्र्याला आकार देण्याचा इतिहास सांगावयाचा तर आम्हांला सिहोऱ्याहून फार लांब जावे लागत नाही. आमचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ ठोकता ठोकता कडक होते. वेळीच तापवून मऊ केले नाही तर चिरते. ती वेळ जुना कारागीर ठोक्याच्या आवाजावरून ओळखतो. पत्रा कोठे पातळ होईल, कोठे चुणी पडेल, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. हे शास्त्रच होय. फक्त ते कागदावर नव्हते.

पुढे कारखान्यांत हातोड्याची जागा प्रेसने घेतली. परंतु डाय बरोबर बसली की नाही, हे पत्रा फाटल्यावरच कळे. मग टूलरूममधला फिटर डाय घासून पुन्हा चाचणी घेई. हातातले ज्ञान हातातच राहिले.

ते आकड्यांत उतरले अमेरिकेत. १९६३ साली कीलर व बॅकोफेन यांनी पत्रा किती ताणला म्हणजे फाटतो, याचे मोजमाप मांडले. पत्र्यावर बारीक वर्तुळे उमटवावयाची. दाबानंतर ती लांबट होतात, आणि किती लांबली त्यावरून ताण कळतो. १९६८ साली गुडविन यांनी त्याला जोड दिली. वस्तूचे असंख्य लहान तुकडे कल्पून हिशेब करण्याच्या पद्धतीला क्लफ यांनी १९६० सालीच नाव दिले होते. १९७६ साली हॉलक्विस्ट यांनी अण्वस्त्राच्या आघाताचा हिशेब करण्यासाठी संगणकाचा कार्यक्रम लिहिला. त्याचाच वंशज पुढे पत्रा दाबण्याच्या कामी आला. आज मोटारीच्या दरवाजाची डाय कापण्यापूर्वीच तो पत्रा पडद्यावर दाबून पाहतात. पोलाद वाचते, महिने वाचतात. हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग आमची तक्रार कोणती? एका कारखान्यात आम्ही वाटाघाटीस बसलो असता आम्हांला सांगण्यात आले की, आता संगणक चाचणी घेतो, जुने फिटर नकोत. त्याच आठवड्यात पडद्यावर निर्दोष ठरलेला पत्रा प्रेसवर कोपऱ्यात फाटला. एका जुन्या फिटरने पत्र्यावरून बोट फिरवले आणि सांगितले, तेल कमी पडते आहे. संगणकाला घर्षणाचा जो आकडा दिला होता, तो प्रेसवरचा नव्हता. फिटरचे म्हणणे मानून आकडा बदलला, तेव्हा पडद्यावरही तोच कोपरा लाल झाला. सुधारलेला हिशेब दप्तरात गेला. फिटरचे नाव कोठेच गेले नाही. पुढल्या यादीत मात्र ते होते, कमी करावयाच्या माणसांच्या.

संगणक आम्हांला शत्रू वाटत नाही. त्याला जे कळते ते कोणाच्या तरी हातून आलेले असते, एवढेच आमचे म्हणणे. म्हणून मागणी साधी आहे : फिटरला ते काम शिकवा, आणि त्या पडद्यापुढे त्यालाही एक खुर्ची द्या.