कागदावर झालेली सुटका

भाच्यानं सिनेमा काढला. चाळीस मिनिटांचा, पन्हाळ्याच्या तटावर चार रविवार खपून. विषय माझ्या जिव्हाळ्याचा: महाराणी येसूबाईंची मोगलांच्या कैदेतून सुटका. रंकाळ्याजवळच्या एका छोट्या हॉलात घरचे-दारचे शंभरेक जण जमले, दिवे मालवले, आणि पाचव्याच मिनिटाला एक मराठा शिलेदार तोंडात कट्यार धरून दोरावरून दिल्लीच्या किल्ल्यात उतरला. माझं लक्ष तिथंच उडालं.

ही गोष्ट आमच्या घरात दोन तोंडांनी सांगितली जायची. आजोबा पक्के कोल्हापूरचे, जयप्रभा स्टुडिओत भालजींच्या चित्रपटांत एक्स्ट्रा. सकाळी मावळा, जेवणानंतर मोगल. पागोटं बदलायचं, दाढी चिकटवायची, घोडा तोच. "सकाळी म्या ज्याला मारला, तो दुपारी मीच असायचो," म्हणायचे. आजी साताऱ्याकडची. त्यामुळं आमच्या स्वयंपाकघरात दोन गाद्या नांदत. "तुमच्या ताराराणीनं पुतण्याला तोतया ठरवलं," हे आजी भाकरी थापता थापता असं बोलायची, की १७०७ सालचं भांडण मागच्या आठवड्यातलं वाटावं. आजोबा पाट सरकवत विचारायचे, "आणि सात वर्सं औरंगजेबाला कुणी झुंजवला? तुझ्या शाहूनं व्हय?"

आजीची गोष्ट रायगडापासून सुरू व्हायची. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबानं येसूबाईंच्या पतीला, संभाजीराजांना मारलं. धाकट्या दिरानं, राजारामांनी गड सोडून निसटावं, असा सल्ला येसूबाईंनी दिला आणि स्वतः सात वर्षांच्या शाहूला घेऊन मागं राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला. पुढं साडेसतरा वर्षं मायलेक बादशहाच्या छावणीत. बादशहा मेल्यावर त्याच्या मुलानं, आझमशहानं शाहूंना सोडलं, पण आई, बायको आणि सावत्र भाऊ मदनसिंग यांना ओलीस ठेवून घेतलं. इथं आजी थांबायची. तव्यावरची भाकरी विस्तवाकडं उभी करायची, ती फुगेपर्यंत बोलायची नाही.

आणि मग यायचे शाहूंचे पेशवे, बाळाजी विश्वनाथ. हे गृहस्थ हिशेबाचे. घोड्यावर बसले की दोन बाजूंनी दोघांनी धरावं लागे, अशी त्यांची ख्याती. आजोबा हसून म्हणायचे, "आमाला बोलवायचं की! धरला असता." पण फर्रुखसियर बादशहाशी बिनसलेल्या सय्यद हुसेन अलीला फौज हवी आहे, हे बाळाजींनी बरोबर हेरलं. फौज देतो, बदल्यात स्वराज्याची, चौथाईची, सरदेशमुखीची सनद द्या आणि आमच्या घरची माणसं सोडा. १७१८ च्या अखेरीस सय्यदाबरोबर मराठे उत्तरेला निघाले, फेब्रुवारी १७१९ मध्ये दिल्लीत पोचले. बादशहा पदच्युत झाला. त्या गोंधळात दिल्लीच्या रस्त्यांवर जमाव मराठ्यांवर तुटून पडला. दीडेक हजार माणसं गेली. त्यांत नाना फडणीसांचे आजोबा बाळाजी महादेव भानूही होते. लढाईच्या मैदानात नव्हे, बाजारात, गल्लीत. मार्चमध्ये नव्या बादशहाच्या नावानं सनदा झाल्या. जुलैत येसूबाई साताऱ्याला पोचल्या. सगळी मिळून जवळजवळ तीस वर्षांची कैद.

भाच्याच्या सिनेमात सनद नाही. कारकून नाही. ती दीड हजार माणसंही नाहीत. कागदावर शिक्का उठताना कॅमेरा काय दाखवणार, हे मला कळतं. पण तटावरून दोर सोडायचा होता तर आमच्या पन्हाळ्याच्याच शंभर गोष्टी पडल्या होत्या.

शेवटी मायलेकांची भेट. साताऱ्याच्या वेशीवर पालखी थांबते, ढोल-ताशे, आई धावत येऊन लेकाला कवटाळते. आजीची भेट अशी नव्हती. ती इतिहासातली नसेलही, पण आजीचीच होती. पंचविशीतलं पोर सोडून येसूबाई गेली, परत आली तेव्हा समोर सदतीस वर्षांचा छत्रपती. "पडदा सारला आसंल तिनं," आजी म्हणायची, "आणि बघत बसली आसंल. ह्योच का आपला? आधी हात बघितलं आसतील. तोंड बदलतंय, हात बदलत न्हाईत." असं म्हणत ती पिठानं माखलेला आपला हात माझ्यासमोर धरायची, बोटं पसरून.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. भाचा घामाघूम होऊन समोर उभा. "आत्या, कसा वाटला?"

"घोडे चांगले होते रे," मी म्हटलं.